सोसायटीत कोणते झाड लावावे? आधी त्यावरची कीड बघा

मे संपत आला की वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो : "सोसायटीत दहा-बारा झाडे लावायची आहेत. कीड लागणार नाही अशी झाडे सुचवा." त्याच्या पाठोपाठ दुसरा : "आधीच्या झाडाच्या पानांवर गाठी आल्या आहेत. समिती म्हणते तोडून टाकू. तोडावे का?" दोन्ही प्रश्नांमागे समजूत एकच, की चांगल्या झाडाला कीड लागत नाही.

तसे झाड नसते. ज्या कडुनिंबाचा पाला आपण धान्यात घालतो, त्याच्याही कोवळ्या शेंड्यांवर ढेकण्या रस शोषतो आणि बुरशीने फांद्या टोकाकडून वाळत येतात. तेव्हा प्रश्नच थोडा बदलून घ्या. या झाडावर कोणती कीड येते? ती झाडाला मारते की नुसती पाने खाते? आणि ती आली तर खाली राहणाऱ्यांना काय सोसावे लागेल? एवढे कळले की निवड बरीच सोपी होते.

नर्सरीत जाण्याआधी आवारात फिरा

कागद-पेन घ्या आणि आवारात, कुंपणालगत व समोरच्या रस्त्यावर आज कोणती झाडे उभी आहेत ते लिहून काढा. ही पायरी बहुतेक सोसायट्या गाळतात. मला मात्र ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण कीड पसरते ती शेजारच्या त्याच जातीच्या झाडावर.

2010 नंतरच्या काही वर्षांत मुंबईतल्या रेन ट्रींवर, म्हणजे पर्जन्यवृक्षांवर, पिठ्या ढेकूण पसरला आणि रस्त्याकडेचे जुने, डेरेदार वृक्ष एकामागून एक वाळत गेले. एकाच जातीची झाडे ओळीने लावली की असे होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या शहरांनी हे आपल्याआधी भोगले आहे. तिथे रस्तोरस्ती एल्म लावलेले होते. विसाव्या शतकात डच एल्म रोगाच्या बुरशीने ते मोठ्या संख्येने मेले. अनेक शहरांनी त्यांच्या जागी अॅश लावले, पुन्हा ओळीने. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ हिरवा, चमकदार भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या अॅशच्या सालीखालचा भाग पोखरतात. मग अॅशही एल्मच्याच वाटेने गेले.

फ्रँक सॅन्टामोर या अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञाने 1990 मध्ये शहरांसाठी एक ढोबळ मर्यादा सुचवली होती : एकूण झाडांत एका जातीची 10 टक्क्यांहून अधिक नकोत, एका वंशाची 20 आणि एका कुळाची 30 टक्क्यांहून अधिक नकोत. आपल्याकडे गफलत होते ती कुळाच्या बाबतीत. गुलमोहर, पेल्टोफोरम, रेन ट्री, सुबाभूळ, गिरिपुष्प, काशिद, शिरीष, चिंच, करंज, बहावा, कांचन, पांगारा ही नावे ऐकली की केवढी विविधता आहे असे वाटते, पण ही सगळी शेंगा धरणाऱ्या एकाच मोठ्या कुळातली आहेत. तुमच्या यादीत अशी झाडे अर्ध्याहून अधिक निघाली, तर बहावा कितीही आवडता असला तरी या वेळी त्याला थांबवा.

दहा-बारा झाडांसाठी टक्केवारी मांडत बसू नका. एवढे पाळा :

- एका जातीची दोनांपेक्षा जास्त झाडे नकोत, आणि ती दोन शेजारी-शेजारी नकोत.
- समोरच्या रस्त्यावर जी जात ओळीने उभी आहे, ती आवारात अजिबात नको.
- शेंगावर्गाबाहेर बघा. बकुळ, ताम्हण, जांभूळ, अर्जुन, कदंब, मुचकुंद, उंडी, पुत्रंजीवा, मेडशिंगी ही नऊ झाडे नऊ वेगवेगळ्या कुळांतली आहेत. यांतली कोणती लावता येतील हे तुमची जागा ठरवेल. अर्जुन आणि कदंब मोठे होतात, त्यांना इमारतीपासून दूर मोकळी जागा हवी. बकुळ आणि पुत्रंजीवा सावकाश वाढतात आणि लहान आवारात चांगले सामावतात.

महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार नागरी भागात दर पाच वर्षांनी वृक्षगणना व्हायला हवी. तुमच्या प्रभागाची आकडेवारी पालिकेच्या उद्यान विभागाकडे मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो.

कुठे लावणार? तिथे कोण वावरते?

काही किडी झाडाचे फारसे बिघडवत नाहीत, पण माणसांना हैराण करतात. अशी झाडे टाळू नका. त्यांची जागा बदला.

- पार्किंगवर आंबा नको. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे रस शोषतात आणि चिकट स्राव टाकतात. तो गाडीच्या काचेवर बसतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. मग फवारणीचा आग्रह सुरू होतो आणि शेवटी आंब्यावर कुऱ्हाड येते. तोच आंबा मागच्या मोकळ्या कोपऱ्यात असता तर कोणाची तक्रार नसती.
- खेळण्याच्या जागेजवळ आणि बाल्कनीलगत शेवगा नको. पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंट येतात. दिवसा ते खोडावर झुबक्याने बसतात, रात्री पाने खायला वर चढतात. केस टोचले की अंगावर गांधी उठतात. झुबका पेटत्या बोळ्याने जाळण्याची पद्धत सोडून द्या, त्यात झाडाची साल भाजते. हातमोजे घालून, लांब दांड्याच्या झाडूने सुरवंट साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा.
- खतखड्ड्याजवळ नारळ नको. गेंड्या भुंग्याच्या अळ्या कुजत्या शेणखतात, पालापाचोळ्यात आणि सडक्या ओंडक्यांत वाढतात. ओल्या कचऱ्याचा खड्डा आणि नारळ शेजारी असतील तर तुम्ही भुंगाही पाळता आणि त्याचे खाद्यही. खड्डा हलवता येत नसेल तर खत वरचेवर उलटे-पालटे करून जाड पांढऱ्या अळ्या वेचा.

दिसायला भीती वाटते, पण झाड मरत नाही

"पानांना रोग झालाय" म्हणून येणाऱ्या तक्रारींत पुढच्या झाडांची संख्या मोठी असते :

- सप्तपर्णी : पानांवर गोल, टणक गाठी. बारीक रसशोषक कीटक पानाच्या आत राहतो, म्हणून पान फुगते.
- करंज : पानांवर पुटकुळ्यांसारख्या किंवा बोटांसारख्या गाठी. हे कोळी वर्गातल्या सूक्ष्म जीवाचे काम.
- उंबर आणि अर्जुन : यांच्याही पानांवर गाठी येतात. झाड डेरेदारच राहते.
- बहावा : पावसाळ्यात हिरव्या अळ्या कोवळी पाने फस्त करतात. पिवळसर-पांढरी फुलपाखरे होऊन त्या उडून जातात आणि बहाव्याला पुन्हा पालवी फुटते.

या झाडांवर फवारणी करू नका, पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. अपवाद एकच : रोप वर्ष-दोन वर्षांचे असेल आणि अळ्या वारंवार सगळी पाने खात असतील तर त्या हाताने वेचा. नव्या लागवडीसाठी मात्र इतके लक्षात ठेवा, की गाठींनी विद्रूप झालेली पाने ज्यांना बघवत नाहीत, त्यांनी प्रवेशद्वाराशी सप्तपर्णी लावू नये. दोन वर्षांनी ते झाड तोडायला निघण्यापेक्षा आज दुसरे निवडलेले बरे.

झाड खरोखर मारणारे शत्रू

यांच्या खुणा सोसायटीत निदान एका तरी माणसाला ओळखता यायला हव्यात. माळीकाकांना दाखवून ठेवा.

बुंध्याची बुरशी. गुलमोहर या बाबतीत सर्वांत कच्चा. पावसाळ्यात बुंध्याशी, जमिनीलगत, कानाच्या आकाराची, कडक, वरून लाकडी पॉलिश केल्यासारखी चकाकणारी तपकिरी बुरशी उगवते. कडेला पांढरी किनार असते. माळी ती खुरप्याने काढून फेकतो आणि सगळ्यांना वाटते, झाड साफ झाले. दिसणारा भाग म्हणजे बुरशीचे फळ. तिचे धागे मुळांत आणि खोडाच्या गाभ्यात आधीच पसरलेले असतात. वर पालवी हिरवीगार असताना खाली आधारच उरलेला नसतो आणि पहिल्या मोठ्या वाऱ्यात झाड मुळासकट आडवे होते. अशी बुरशी दिसली की लाकडी दांडक्याने बुंध्यावर चारही बाजूंनी ठोकून बघा. पोकळ, ढब आवाज आला तर त्या झाडाखालच्या गाड्या आणि बाके त्याच दिवशी हलवा, आणि पालिकेला कळवा. तिथे नवे झाड लावायचे असेल तर जुना बुंधा व मुळे शक्य तितकी काढा, आणि त्याच खड्ड्यात पुन्हा गुलमोहर किंवा पेल्टोफोरम लावू नका.

भिरूड. कोकणात आंब्याच्या खोडकिड्याला भिरूड म्हणतात. तो फणस, अंजीर आणि काटेसावरीवरही येतो. खोडाला भोक, खाली लाकडाचा भुसा, वरची एखादी फांदी अचानक पिवळी, अशा त्याच्या खुणा. तार घालून अळी बाहेर काढतात आणि भोक चिखलाने बंद करतात. हे लवकर केले तरच उपयोग. पोखरलेली मोठी फांदी वाचत नाही.

साल खाणारी अळी. खोडावर, बेचक्यांपाशी, भुसा आणि विष्ठा जाळ्यात अडकून झालेले तपकिरी पट्टे दिसतात. दुर्लक्षित आवळा, पेरू, जांभूळ, बहावा, करंज यांवर ती हमखास सापडते. जाळी खरवडून काढा, खालचे भोक शोधा, तार घाला. वाळवी आणि ही अळी यांत बरेच जण घोटाळा करतात. वाळवीच्या मातीच्या नळ्या बोटाने मोडतात, आणि ती बहुतेकदा मेलेली सालच खाते.

सोंड्या भुंगा. नारळ आणि शोभेच्या ताडवर्गीय झाडांचा हा शेवटचा शत्रू. गेंड्याने केलेल्या जखमेतून किंवा आपण केलेल्या कोयत्याच्या घावातून तो आत शिरतो. म्हणून नारळावर चढायला खोडात खाचा पाडू देऊ नका आणि हिरव्या झावळ्या तोडू देऊ नका. नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कातरल्यासारख्या दिसल्या तर गेंड्या येऊन गेला आहे आणि सोंड्याला वाट मोकळी झाली आहे.

पिठ्या ढेकूण. कापसासारखे पांढरे पुंजके पेऱ्यांवर आणि पानांच्या बेचक्यांत दिसतात. त्याआधी मुंग्या दिसतात. खोडावर मुंग्यांची वर-खाली रांग लागली असेल तर तिच्यामागोमाग शेंड्यापर्यंत नजर टाका. गोड स्रावासाठी मुंग्या या किडीची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या कीटकांना हुसकावून लावतात. पण फवारणीवाल्याला फोन करण्याआधी एक पुंजका भिंगाखाली बघा. पिठ्या ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही. जो पांढरा, लांब झुलपांचा कीटक भराभर चालतो, तो बहुधा क्रिप्टोलिमस नावाच्या मित्रभुंगेऱ्याची अळी असते आणि ती पिठ्याच खात असते. तिच्यावर औषध मारले की तुमचीच बाजू कमकुवत होते.

"देशी आहे" किंवा "परदेशी आहे" एवढ्यावर जाऊ नका

परदेशी झाड कीडमुक्त असते, अशी जाहिरात अजून होते. सुबाभळीबद्दल हेच सांगितले जात होते. 1988 मध्ये तिचा रसशोषक कीटक भारतात पोहोचला आणि कोवळे शेंडे वाळू लागले. झाड आधी येते, त्याची कीड काही वर्षांनी मागून येते. महोगनीवर तर कीड बाहेरून यायचीही वाट पाहावी लागली नाही. आपल्याकडच्या तूण या नातेवाइकाचा शेंडा पोखरणारी अळी तिच्यावर चढली. शेंडा मेला की खोड सरळ न वाढता फाटे फुटतात.

दुसऱ्या बाजूला, देशी झाड लावले म्हणजे काळजी मिटली असेही नाही. आंबा देशीच आहे आणि भिरूडही. देशी झाडाचा खरा फायदा असा, की त्याच्या किडीबरोबर त्या किडीला खाणारे पक्षी आणि कीटकही इथेच असतात. म्हणून माझा कल देशी झाडांकडे आहे, पण वरची विविधतेची अट पाळूनच.

नर्सरीत रोप निवडताना

मोठ्या प्रकल्पांसाठीची तयार झाडे अनेकदा आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. लांबून आलेल्या रोपांबरोबर कीडही प्रवास करते. नारळावरची चक्राकार पांढरी माशी 2016 मध्ये तामिळनाडूत पोल्लाचीला पहिल्यांदा आढळली आणि नंतर कोकणापर्यंत आली. ठेकेदार रोपे उतरवत असताना तुमच्यापैकी कोणीतरी तिथे उभे राहा.

- पानाची मागची बाजू आणि पेरे बघा. पांढरे पुंजके, पांढरी वर्तुळे किंवा मुंग्या दिसल्या तर रोप परत करा.
- पिशवी फाडून एक-दोन रोपांची मुळे बघा. मुळे गोल गोल गुंडाळलेली असतील तर झाड कधीच घट्ट रोवले जात नाही.
- "तयार" म्हणून येणाऱ्या पंधरा-वीस फुटी झाडांची मुळे छाटलेली असतात. ताण असलेल्या अशा झाडावर खोडकिडे लवकर येतात. सहा ते आठ फुटांचे निरोगी रोप बहुतेक ठिकाणी पुरते.
- नवी रोपे आवारातल्या जुन्या झाडांपासून दूर, दोन आठवडे वेगळी ठेवा. मगच लावा.
- कंत्राटात लिहून घ्या : कीडग्रस्त रोप बदलून द्यायचे आणि पहिल्या दोन वर्षांत मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावायचे.

जागा आजारी, तर झाड आजारी

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत झाडाचे अर्धे आजार बुंध्याशी ओतलेल्या काँक्रीटमधून सुरू झालेले असतात. मुळांना हवा-पाणी मिळाले नाही की झाड खंगते, आणि खंगलेल्या झाडावर साल खाणारी अळी, भिरूड, बुरशी सगळे येतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीसाठी दिलेल्या आदेशात झाडाभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट नको असे म्हटले आहे. पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम निघाले की हा आदेश समितीपुढे ठेवा.

लावताना रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जुळतात तो भाग, मातीत गाडू नका. ती ओली राहिली की कुजते. पुणे, नाशिककडच्या काळ्या जमिनीत खड्ड्याच्या तळाशी पाणी साचत नाही ना, ते आधी बादलीभर पाणी ओतून बघा. लॉनचे फवारे खोडावर पडू देऊ नका.

फवारणीवाला दारात आला तर

- आधी कीड कोणती ते विचारा. नाव सांगता आले नाही तर काम देऊ नका. पुण्यात कृषी महाविद्यालय, राहुरी, दापोली, अकोला, परभणी इथे कृषी विद्यापीठे, आणि जिल्ह्यातले कृषी विज्ञान केंद्र, यांच्याकडे फांदीचा नमुना आणि फोटो घेऊन जा.
- डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा जास्त, निळा मध्यम, हिरवा कमी. माणसे राहतात तिथे लाल-पिवळ्याला परवानगी देऊ नका.
- व्यावसायिक कीडनियंत्रणाला परवाना लागतो. तो बघायला मागणे हा तुमचा हक्क आहे.
- झाड फुलावर असताना फवारणी नको, मधमाश्या मरतात.
- लहान झाडांवरच्या पिठ्यासाठी पाण्याचा जोरदार फवारा, ग्रस्त शेंडे कापून पिशवीत बंद करणे आणि 5 टक्के निंबोळी अर्क इथून सुरुवात करा.

2008 मध्ये पपईवरचा पिठ्या ढेकूण कोइंबतूरला आढळला आणि लवकरच पपई, तुती, जास्वंद, चाफा यांवर पसरला. तो आटोक्यात आला तो मुख्यतः 2010 मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या एका चिमुकल्या परजीवी गांधीलमाशीमुळे. तेव्हा मोहल्ल्याभर विष मारून अशा मित्रकीटकांना संपवण्याची घाई करू नका.

तोडण्याचा ठराव करण्याआधी

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 तुमच्या आवारातल्या झाडालाही लागू आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच येते.

1. झाडाचे फोटो काढा : पूर्ण झाड, बुंधा, कीड किंवा बुरशी जवळून, आणि धोक्यात असलेली इमारत वा वाट.
2. तज्ज्ञाचे लेखी मत जोडा. त्यात "तोडा" किंवा "छाटा" यांपैकी काय ते स्पष्ट हवे. पुष्कळदा छाटणीने भागते.
3. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा. झाड मेलेले, रोगट किंवा जीवाला धोकादायक असणे हे मान्य कारण आहे, पण ते पाहणीत दिसायला हवे.
4. तोडण्याचा प्रस्ताव जाहीर सूचनेने कळवला जातो. तुम्ही तोडण्याच्या विरोधात असाल तर मुदतीत लेखी हरकत घ्या.
5. परवानगीची प्रत हातात आल्याशिवाय ठेकेदाराला करवत लावू देऊ नका. झाड लगेच कोसळेल असे वाटत असेल तर अग्निशमन दलाला आणि प्रभाग कार्यालयाला कळवा.

2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि भरपाई म्हणून तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. तीस वर्षांचा गुलमोहर गेला तर तीस रोपे. ही रोपे कोणती असावीत हे ठेकेदारावर सोडू नका, नाहीतर तो नर्सरीत स्वस्त मिळणारी एकच जात तीस वेळा आणून लावेल. आवारात फिरून केलेली यादी आणि तुम्हाला हव्या असलेल्या जातींची नावे अर्जासोबतच द्या.